पहिला धडा स्वतःच्या नावाचा

प्रौढ साक्षरता वर्ग कसा घ्यायचा याचं शिक्षण मला मोजक्या दिवसांत उरकून देण्यात आलं आणि त्यातली एकच गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. शिकवणारे गृहस्थ म्हणाले होते, माणसाला सगळ्यांत जवळचा शब्द म्हणजे त्याचं स्वतःचं नाव, तर तिथूनच सुरुवात करा. ग म भ न पासून सुरुवात केलीत तर बायका आठवड्याभरात कंटाळून घरी बसतील. मला हे इतकं पटलं की ते मी घरी येऊन आईला, वडिलांना आणि समोरच्या बिऱ्हाडालाही ऐकवलं. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची होते आणि पटलेली गोष्ट लोकांच्या माथी मारायची मला वाईट खोड होती. ती अजून पूर्ण गेलेली नाही.

ऐंशीच्या दशकातली ती पहिली वर्षं. मी मराठी घेऊन बी. ए. झाले होते, नोकरी लागत नव्हती, आणि मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत दिवसभर आईच्या समोर बसणं आम्हा दोघींनाही जड जात होतं. ओळखीच्या एका बाईंनी घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या वस्तीतला वर्ग माझ्या गळ्यात घातला. दुपारी तीन ते पाच. बायकांची सकाळची कामं, कारखान्यातली पाळी, दुपारचं पाणी हे सगळं आटोपलं की विहाराच्या खोलीत सतरंजी अंथरायची आणि पाट्या वाटायच्या. डोक्यावर पत्रा होता. दोन पंखे होते, त्यातला एक फिरायचा.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "तुमची नावं सांगा." खोलीत हशा पिकला. मला कळेना, यात हसण्यासारखं काय आहे. मग ध्यानात आलं की या बायकांना नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलंच नव्हतं. वस्तीत प्रत्येक बाई कुणाची तरी आई होती, कुणाची वहिनी, कुणाची मावशी. एक नळाजवळची होती, एक नुसतीच नाशिकवाली. एक बाई बराच वेळ छताकडे बघत बसली आणि म्हणाली, "माहेरचं सांगू का सासरचं?" लग्नात तिचं नाव बदललं होतं. दोन्हींतलं खरं कुठलं, यावर त्यांचा आपसात वाद जुंपला आणि मी बाजूलाच राहिले. शेवटी ठरलं की जे ऐकून मान वळते ते खरं. बी. ए.ला भाषाशास्त्राचा एक पेपर होता आम्हाला, त्यात इतकी सोपी व्याख्या नव्हती.

हळूहळू एकेकीनं नाव सांगितलं. मी ते पाटीवर लिहून द्यायचे आणि त्या गिरवायच्या. गृहस्थांचं म्हणणं खरं होतं. स्वतःचं नाव पाटीवर बघताना त्यांचे चेहरे असे व्हायचे की मलाच कसंतरी व्हायचं. एकीनं पाटी तशीच पदराखाली झाकून घरी नेली, नवऱ्याला दाखवायला.

फक्त अक्कानं नाव सांगितलं नाही.

अक्का म्हणजे त्या वस्तीचा कणा. वय चाळिशीच्या पुढे, बांधा मजबूत, आवाज खणखणीत. सकाळच्या पाळीला ती औषधाच्या बाटल्यांना झाकणं बसवण्याच्या एका लहानशा कारखान्यात जायची. नळावरची भांडणं तिच्यापुढेच मिटायची. वर्ग भरवण्यासाठी घरोघरी जाऊन बायका गोळा करून आणल्या त्याही तिनंच. कान इतके तिखट की मागच्या रांगेत कुणी कुजबुजलं तर पुढे बसून ती उत्तर द्यायची. तिला अक्का हे नाव कसं पडलं तेही मला वर्गातल्या एकीनं सांगितलं. वस्ती नवी होती तेव्हा एक पोटुशी मुलगी गावाहून आली होती, मुंबईत तिचं कुणी नव्हतं. ती हिच्या मागेमागे 'अक्का, अक्का' करत फिरायची. तिचं ऐकून शेजारणी म्हणायला लागल्या, मग पुरुष, मग पोस्टमनसुद्धा.

माझ्या प्रश्नाला अक्का म्हणाली, "फुडच्या बाईला इचारा." मी पुढच्या बाईला विचारलं. हजेरीत तिच्या जागी तेवढ्यापुरतं 'अक्का' लिहून ठेवलं, नाव कळलं की खोडू म्हणून.

नाव सोडून बाकी सगळं मात्र ती झपाट्यानं शिकली. अक्षरं, काना, मात्रा, जोडाक्षरं. बसच्या पाट्या वाचायला लागली, दुकानांची नावं वाचायला लागली, आणि वाचलं की मोठ्यानं म्हणायची. पण मी "नाव लिहा" म्हटलं की पाटी कोरी. मला राग यायचा. मला वाटायचं, बाई लाजतेय, आणि इतकी दांडगी बाई लाजते म्हणजे काय? एक दिवस वर्ग सुटल्यावर मी बसस्टॉपपर्यंत जाताना तिला चांगलंच टोकलं. "अक्का, पुढल्या महिन्यात तपासणीला साहेब येणार. सगळ्या जणी नाव लिहून दाखवतील आणि तुम्ही?"

ती चालता चालता थांबली. "पोरी, माझं नाव लिहिण्यासारखं न्हाई," म्हणाली.

मग तिनं ते सांगितलं. ते नाव मी इथे लिहीत नाही, तिला आवडलं नसतं. त्याचा अर्थ 'नको' असा होता, एवढं सांगितलं तरी पुरे. साताऱ्याकडचं तिचं गाव. घरात आधीच्या चार मुली, ही पाचवी. बारशाला बाप घरी थांबलाच नाही. आजी म्हणाली, असं नाव ठेवा की मुली धाडणाऱ्याला कळलं पाहिजे, आता बास. तिकडे तशी रीतच होती. एका मुलीला तसं नाव ठेवलं की पुढे मुलगी होत नाही, असं लोक धरून चालायचे.

"आणि झाला की मुलगा," अक्का म्हणाली. "माझ्या पाठीवर भाऊ झाला. सगळं गाव म्हनलं, नाव लागू पडलं."

पुढचं ऐकून मला जास्त राग आला. लग्नात बायकांची नावं बदलतात, तेव्हा तरी सुटका व्हायला हवी होती. पण सासूनं विचारलं, हिच्या पाठीवर काय? मुलगा, असं कळल्यावर सासू म्हणाली, मग नाव बदलू नका, गुणाचं नाव आहे. पुढे अक्काला दोन्ही मुलगेच झाले. म्हणजे ते नाव आणखीनच गुणाचं ठरलं.

"आणि नवरा काय म्हणून हाक मारतो?" मी विचारलं.

"त्यो कशाला हाक मारतोय? खोकतो. मी वळते."

दोघी हसलो. मग ती म्हणाली, "नावानं हाक मारनारा एकच ऱ्हायलाय. माझा भाऊ. माझ्यापरीस धाकटा, मी कडेवर घेऊन हिंडवला त्याला, पर लाडाचा ना. कुणी त्याला शिकवलंच न्हाई ताई म्हनायला."

त्या वेळी एवढ्यावरच ते थांबलं असतं. पण थोरल्या मुलाचं लग्न ठरलं आणि गोष्ट पत्रिकेवर आली.

मुलगा भांडुपला एका गॅरेजात फिटर होता. चांगला मुलगा, आईवर जीव असलेला. त्याच्या मनात होतं की पत्रिकेत नुसतं वडिलांचं नाव नको, आईचंही छापायचं. तो रेशनकार्ड घेऊन छापखान्यात निघाला. अक्कानं उंबऱ्यातच अडवलं. "ते नाव छापलंस तर मी तुझ्या मांडवात पाय ठेवनार न्हाई." मुलाला वाटलं, आई चिडलीय, उतरेल राग. पण अक्काचा राग चढणारा-उतरणारा नव्हता. आणि नावाशिवाय पत्रिका छापायलाही ती तयार नव्हती. "मी काय न्हाईच का? तुला वाढवला कुनी?" तिला पत्रिकेत यायचं होतं, पण त्या नावानं नव्हे. दुसरं नाव तिच्याजवळ नव्हतं. छापखानेवाल्यानं महिन्याअखेरपर्यंत मजकूर मागितला होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात ती मला म्हणाली, "बाई, तुमच्या घरी ते जाड पुस्तक हाय म्हनालता, त्यात सगळे शब्द असत्यात?"

"जवळजवळ सगळे."

"मानसांची नावं असत्यात?"

"नाही. नावं नसतात, शब्द असतात. पण नावं होतात ती शब्दांमधूनच."

"मग आना ते. त्यातला एक मला द्या."

आमच्या घरचा शब्दकोश वडिलांचा होता. ते गिरणीत कारकून होते आणि कोकणातून येताना त्यांनी ट्रंकेत आणलेल्या वस्तूंपैकी तेवढी एकच अजून वापरात होती. त्याला खाकी कव्हर असायचं, दर दिवाळीला नवं. हात धुतल्याशिवाय कुणी त्याला शिवायचं नाही. मी भीतभीतच विचारलं. वडिलांनी स्वतःच तो कापडी पिशवीत घालून माझ्या हातात दिला. "थुकी लावन पानां परतू नको हां," म्हणाले. "आणि कोणाक परतूक दिव नको. माका चलाचा नाय."

दुसऱ्या कुणाला पानं उलटू द्यायची नाहीत, हे त्यांचं सांगणं मी पहिल्याच तासाला मोडलं, कारण माझा इलाजच चालला नाही. पुस्तक सतरंजीवर ठेवल्याबरोबर बायकांनी गराडा घातला. पहिला प्रश्न आला, "हे वाचायचं कुठनं?" मी सांगितलं, हे वाचायचं नसतं, यात शोधायचं असतं. अक्षरं आपण ज्या क्रमानं शिकलो त्याच क्रमानं शब्द लावलेले असतात. 'क' आधी, मग 'ख'. रेशनच्या रांगेसारखं, ज्याचा नंबर त्याच्या जागी. हे त्यांना एकदम समजलं. तोवर अक्षरांच्या क्रमाचा कुणाला काही उपयोग दिसला नव्हता, आता प्रत्येकीला एकेक शब्द शोधून हवा होता. भाकरी सापडली. पाटा सापडला, वरवंटा सापडला. एकीनं तिच्या गावाकडची एक शिवी शोधायला सांगितली. ती नव्हती. "म्हंजे सगळे शब्द न्हाईतच," ती म्हणाली आणि माझ्या पुस्तकाची किंमत तिच्यापुरती निम्म्यावर आली.

मग नावाचा शोध सुरू झाला. मी घरून तयारी करून गेले होते. उजेडाच्या, विजयाच्या, फुलांच्या अर्थाचे नाजूक नाजूक शब्द. एकेक शब्द मी काढायचे, अर्थ वाचून दाखवायचे, बायका "वा वा" करायच्या. अक्का तो शब्द दोन-तीनदा तोंडात घोळवायची. मग मान हलवायची. एकदा मी फार सुंदर शब्द काढला, पहाटेच्या अर्थाचा. मला इतका आवडला की पुढेमागे मुलगी झाली तर हाच ठेवायचा असं मी ठरवून टाकलं. अक्का म्हणाली, "चांगला हाय. पर नळावर कुनी ह्या नावानं हाक मारली तर मी वळंन का? मला वाटंल, दुसऱ्याच कुना बाईला बोलावतायत."

पुढे पुढे माझी चिडचिड व्हायला लागली. महिना सरत आला होता. मुलगा दारात येऊन "काय ठरलं?" विचारून जायचा. घरी आई विचारायची, वडील पुस्तक केव्हा परत येतंय म्हणून विचारायचे. मी म्हटलं, "अक्का, शब्द म्हणजे साडी नव्हे, दुकानभर उलगडून बघायला." ती शांतपणे म्हणाली, "साडी फाटली तर टाकता येती, पोरी. ह्ये न्हाई टाकता येत."

मग एक दिवस ती म्हणाली, "माझा शब्द असंल का ह्यात? जुना?"

मला ते पान टाळायचं होतं. मी म्हटलं, राहू दे. पण तोवर तिला पुस्तक लावता येऊ लागलं होतं. 'न' काढला. मग मागे गेली, पुढे आली, बोट ओळीवरून खाली खाली नेत. आतापर्यंत बायकांनाही काय ते कळलं होतं. तिला 'नको' सापडला. आमच्या त्या कोशात त्याच्या पुढे व्याकरणाचं काहीतरी लिहिलं होतं, ते तिनं सोडून दिलं. त्याच्यापुढे वापर कसा करतात त्याचा नमुना होता. तो तिनं अक्षर अक्षर लावून मोठ्यानं वाचला. "आता चहा नको."

तिनं तो परत वाचला. मग मला विचारलं, "एवढंच?"

"एवढंच," मी म्हटलं.

"ह्ये तर साधंच हाय की. चहा नको. भात नको. रोज म्हनतो आपन." थोडा वेळ ती त्या ओळीवर बोट ठेवून बसली. "शब्दाचा काय गुन्हा न्हाई बघ ह्यात," म्हणाली. "त्यांनीच भलतीकडं लावला."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवायच्या भानगडीत पडले नाही. तिच्या डोळ्यांत नव्हतं. चेहरा उलट मोकळा दिसत होता, कारखान्यातून लवकर सुटल्यासारखा. नळाजवळची बाई उत्साहानं म्हणाली, "अक्का, मग त्याच्या उलटं नाव घ्या. हवी असलेली, असं कायतरी." सगळ्यांनी ते उचलून धरलं. मलाही वाटलं, हेच बरोबर. विरुद्धार्थी शब्द तर आम्ही त्याच आठवड्यात शिकलो होतो.

अक्का म्हणाली, "म्हंजे परत त्येच. कुनाला हवी, कुनाला नको. त्येंचंच बोलनं सगळं. माझं काय त्यात?"

तिनं पुस्तक मिटून माझ्याकडे सरकवलं.

शेवटचा आठवडा आला तेव्हा मी शोधाशोध सोडून दिली होती. पत्रिका वडिलांच्या एकट्याच्या नावानं छापावी लागणार, आणि अक्का मांडवात येईल की नाही कुणास ठाऊक, असं मी मनाशी धरून चालले होते. त्या दुपारी मी पुस्तक घरी न्यायला म्हणून उचललं, तर अक्का म्हणाली, "थांब. पयल्या पानापासनं वाचू दे जरा. शोधायचं न्हाई, नुसतं वाचते." मी म्हटलं, वाचा. ती 'अ'पासून सुरू झाली. अवघड शब्द यायचे तिथे अडखळायची, ओलांडून पुढे जायची. मी पाट्या गोळा करत होते.

"अक्का," ती म्हणाली.

मला वाटलं, वाचता वाचता कुणी तिला हाक मारली म्हणून ती सांगतेय. मी बघितलं तर तिचं बोट पानावर होतं.

"ह्ये हितं हाय."

मी जाऊन बघितलं. होतं. पहिल्याच काही पानांत. 'न' आणि 'प' आणि 'ह' पर्यंत आम्ही वणवण हिंडलो होतो आणि ते सुरुवातीलाच बसलेलं होतं. पुढे अर्थ दिला होता. तिनं तो स्वतः लावला. "थोरली बहीण." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "थोरली?"

"हो. अक्का म्हणजे थोरली बहीण. तुम्हाला माहीत होतं की."

"माहीत व्हतं. पर आसं..." ती थांबली. "माझ्यावर चार जनी. माझ्या घरात मला कुनी थोरली म्हनलं न्हाई कधी. आनि ह्या सगळ्या रोज म्हनत्यात."

सतरंजीवरची पाटी तिनं ओढून घेतली. पेन्सिल बोटांत धरली. क खाली क लावताना तिनं जरा जास्तच दाबून लिहिलं. मग पाटी माझ्यापुढे सरकवली. मी हजेरी उघडली. तिथे माझ्याच अक्षरात, तात्पुरतं म्हणून लिहिलेलं, तेच नाव पहिल्या दिवसापासून होतं.

मुलानं मात्र डोक्याला हात लावला. "आये, अक्का काय नाव हाय का? लोक हसतील यार." तो मुंबईत वाढलेला, पत्रिका कशी झकास दिसली पाहिजे. विहाराच्या दारातच हे चाललं होतं आणि वर्ग अजून पांगला नव्हता. नाशिकवाली पुढे झाली आणि म्हणाली, "ए, तू रेशनकार्डावरचं नाव छापून आमच्या घरी पत्रिका पाठव. आमाला कळनार कसं, कुनाच्या घरचं लगीन हाय ते? त्या नावाची बाई हितं ऱ्हातच न्हाई." हे मुलाच्या लक्षातच आलं नव्हतं. सगळ्या वस्तीत तिला त्या नावानं ओळखणारं त्याच्या घरची माणसं सोडली तर कुणीच नव्हतं. त्यानं मुकाट्यानं कागद खिशातून काढला आणि मीच त्याच्यावर ते नाव लिहून दिलं.

पुस्तक घरी नेलं. वडिलांनी कव्हर काढून तपासलं आणि सुरुवातीच्या पानाशी थांबले. तिथे बोटाचा मळकट ठसा होता, थेट त्या शब्दाच्या खाली. मी घाबरून सगळं भडाभडा सांगून टाकलं. वडिलांनी रुमाल घेतला होता पुसायला, तो खाली ठेवला. "ऱ्हवांदे," म्हणाले, आणि पुस्तकाला नवं कव्हर घालायला बसले.

लग्न विहाराच्या पुढच्या अंगणात झालं. अक्का मांडवात होती, हिरव्या काठांच्या साडीत, सगळ्यांच्या आधी येऊन उभी. वर्गातल्या सगळ्या जणी होत्या. तिला एकच धाकधूक होती, भावाची. पत्रिका गावी गेली होती, पण त्याचं येतो म्हणून किंवा येत नाही म्हणून काहीच कळलं नव्हतं. "आजीनं ठेवलेलं नाव टाकलं म्हनून रुसला असंल," ती मला म्हणाली. "त्यो न्हाई आला तर मला लई लागंल, पोरी. मी त्याला कडेवर घेतलाय."

तो आला, उशिरा, फेटा बांधून. मामाचा मान घ्यायच्या आधीच त्यानं खिशातून पत्रिका काढली. आवाज बहिणीसारखाच खणखणीत. "आईच्या जागी कुठली बाई छापलीय ही? अक्का कोन?"

आजूबाजूच्या बायका थांबल्या. अक्कानं त्याच्या हातातली पत्रिका घेतली, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचून दाखवली, एकेक अक्षर सुटं करून. आपली बहीण वाचते आहे हे त्याला तेव्हाच कळलं असावं, कारण त्याचं तोंड उघडं राहिलं.

"अक्का म्हंजे मी," ती म्हणाली. "तू जिच्या पाठीवर आलास, ती."

त्यानं पत्रिका परत घेतली, घडी घालून खिशात ठेवली आणि मामाच्या जागेवर जाऊन उभा राहिला. लग्न लागलं.

पंगतीत तो माझ्या समोरच्या ओळीत बसला होता. अक्का कुणाचं न ऐकता स्वतः वाढायला उतरली होती. ती त्याच्या पुढून गेली तेव्हा त्याच्या पानातला भात संपला होता. त्यानं तोंड उघडलं. सवयीचा शब्द ओठांपर्यंत आलेला मला दिसला. मग त्यानं आजूबाजूला बसलेल्या बायकांकडे बघितलं, खाली पानाकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाला, "अक्का."

मला ऐकू आलं. माझ्या शेजारणीला ऐकू आलं. अक्का त्याच्यापासून दोन हातांवर होती, आणि ती भाताची परात घेऊन सरळ पुढे गेली.

"अक्का!" भावानं हाक मारली, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

तेव्हा ती वळली.

"काय रे?" म्हणाली.